लांगाराच्या फाइलमधली तीन वर्षं

जुन्या फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासण्याचं काम मी पुण्यातून एका परदेशी कंपनीसाठी करतो. इंटरनेटवरचे आकडे उचलून भरायचे, असं लोकांना वाटतं. पण एकेका गोलाला त्या काळातल्या दोन स्वतंत्र वर्तमानपत्रांचा आधार लागतो, आणि दुसऱ्याने पहिल्याचीच तार छापली असेल तर तो आधार धरत नाहीत. आडनावाच्या स्पेलिंगमधली चूक दोन्हीकडे तशीच सापडली की समजायचं, बातमी एकच आहे. १९३०च्या दशकात जर्सीवर सहसा नंबर नसायचे. गर्दीतून चेंडू आत गेला की प्रेस बॉक्समधला प्रत्येक बातमीदार आपापल्या अंदाजाने नाव लिहायचा. हे गुंते सोडवायला मला मनापासून आवडतं.

इसिद्रो लांगाराची फाइल मात्र वेगळ्याच कारणाने अडली.

लांगारा उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या पासाइयाचा, जन्म १९१२. ओव्हिएदो या स्पॅनिश क्लबकडून खेळताना १९३४, १९३५ आणि १९३६ असे सलग तीन मोसम स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचे. स्पेनसाठी १२ सामन्यांत १७ गोल. इथवर सगळं बिनबोभाट भरलं गेलं. मग १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं, लीग बंद पडली, आणि आमच्या सिस्टीमने पुढच्या तीन वर्षांवर आपोआप शिक्का मारला: 'सक्रिय नाही'.

सक्रिय नाही! याच काळात तो अर्ध्या जगात खेळत होता. बास्क सरकारचा अध्यक्ष होसे अंतोनिओ अगिर्रे स्वतः अ‍ॅथलेटिक बिल्बाओचा माजी खेळाडू. त्याच्या सरकारने १९३७मध्ये एउस्कादी (बास्क भूमीचं बास्क भाषेतलं नाव) नावाचा संघ परदेशी पाठवला, निर्वासितांसाठी पैसे उभे करायला आणि आपली बाजू जगाला सांगायला. २६ एप्रिलला पॅरिसमध्ये त्यांनी रेसिंग क्लबला ३-० हरवलं. त्याच दुपारी तिकडे गेर्निका या बास्क गावावर बॉम्ब पडत होते. जूनमध्ये संघ सोव्हिएत युनियनमध्ये असताना बिल्बाओ शहर फ्रँकोच्या बंडखोर सैन्याच्या हाती पडलं. तरी पुढचे सामने झाले: मॉस्कोच्या लोकोमोटिव्हला ५-१ हरवलं, स्पार्टाककडून ६-२ हरले. गोरोस्तिसासारखा मोठा खेळाडू फ्रँकोच्या बाजूला परत गेला. बाकीचे बोटीने अमेरिका खंडात पोचले, तर तिथे फिफाची बंदी आडवी आली. अखेर मेक्सिकोत ते क्लब म्हणून लीगमध्ये उतरले आणि १९३८-३९च्या मोसमात दुसरे आले.

यातलं काहीच आमच्या रकान्यांत बसत नाही. एउस्कादी फिफाचा सदस्य नाही, म्हणून 'राष्ट्रीय संघ' नाही. मेक्सिकोची लीग आम्ही व्यावसायिक झाल्यापासून, म्हणजे १९४३पासून मोजतो, म्हणून 'क्लब' नाही.

टीम लीड म्हणाली, "अरे, मैत्रीपूर्ण सामने ते. सगळ्यांचे सोडतो, याचेही सोड."

मला हे अजून पटलेलं नाही. मोसमाआधी पाय मोकळे करायला खेळतात तो मैत्रीपूर्ण सामना. इथे घर गेलेली माणसं पोटासाठी आणि आपल्या लोकांसाठी खेळत होती. ज्या संघटनेने त्यांना मैदान नाकारलं, तिच्याच मान्यतेची फूटपट्टी आम्ही लावतो, आणि तिला तटस्थ आकडेवारी म्हणतो. युद्धात खरोखरच खेळ थांबलेल्या खेळाडूची फाइल आणि लांगाराची फाइल आज आमच्याकडे अगदी सारखी दिसते. माहितीच्या धंद्यात याहून मोठी चूक कोणती?

त्यातून पुढची नोंद तर अद्भुतच वाटते. २१ मे १९३९, ब्युनोस आयर्स. तीन वर्षं 'सक्रिय नसलेला', नुकताच बोटीतून उतरलेला स्ट्रायकर सान लोरेन्सो क्लबकडून पहिल्याच सामन्यात रिव्हर प्लेट या दुसऱ्या क्लबवर चार गोल करतो. १९४०मध्ये ३३ गोलांसह अर्जेंटिनात संयुक्त पहिला. मग मेक्सिकोत रियाल क्लब एस्पान्याकडून दोनदा पहिला, त्यातल्या १९४५-४६च्या मोसमात ४० गोल. तीन देशांच्या लीगमध्ये अव्वल ठरलेला हा माणूस १९४६मध्ये ओव्हिएदोला परतला. मधली वर्षं काढून टाकली की चार गोलांचा तो दिवस चमत्कार वाटतो. तो सतत खेळत होता, एवढंच त्याचं कारण.

शेरा लिहायला एक छोटी चौकट असते. तिथे मी एउस्कादीचा दौरा आणि फिफाची बंदी दोन्ही लिहिलं. रिव्ह्यूमध्ये 'राजकीय मजकूर' म्हणून ते कापलं गेलं. मी तक्रार नोंदवली आहे आणि 'अमान्य संघ' असा वेगळा प्रकार सिस्टीममध्ये मागितला आहे. उत्तर यायचंय.

दरम्यान अँहेल सुबिएताची फाइल आली. सतराव्या वर्षी स्पेनसाठी खेळलेला, त्याच दौऱ्यावर गेलेला आणि पुढे १९५२पर्यंत सान लोरेन्सोत राहिलेला हा मुलगा. त्याच्याही नावापुढे तोच शिक्का उमटला आहे. त्याचे दौऱ्यातले सामने मी तारीखवार, दोन-दोन आधारांसह वेगळ्या शीटमध्ये भरतोय. लांगाराचे भरून झाले आहेत. प्रकार मंजूर होईपर्यंत दोन्ही फाइल्सवर 'पूर्ण' दाबणार नाही, असं टीम लीडला लेखी कळवलं आहे.