आधी विमानाची शेपटी बघा

परवा एक मैत्रीण घरी आली आणि हॉलमधलं एअर इंडियाचं पोस्टर बघून म्हणाली, हे खरंच जुनं आहे हे तुला कसं कळलं गं? मग काय, तिचा चहा थंड झाला तरी माझं सांगणं संपेना, तेच इथे लिहितेय.

शुक्रवारी सुट्टी टाकून ठाण्याहून सकाळची स्लो लोकल पकडली, सँडहर्स्ट रोडला उतरले आणि चोर बाजारात जुन्या कॅलेंडरांच्या गठ्ठ्यात ही गुंडाळी सापडली. वाकलेला महाराजा, वर वळलेल्या मिशा, कोपऱ्यात छोटंसं विमान. दुकानदार म्हणाला पन्नास सालचं आहे, पण ते तर सगळ्याच वस्तूंना पन्नास सालचं म्हणतात, म्हणून मी आधी विमानाची शेपटी बघितली. शेपटीवर तीन उभे पंख, पुढे चार पंखे, म्हणजे लॉकहीड कॉन्स्टेलेशन! 8 जून 1948 ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलेली 'मलबार प्रिन्सेस' याच जातीची. 1960 ला बोइंग 707 आली आणि मग पोस्टरांवरही जेट दिसायला लागली. दुसरं म्हणजे खाली नाव होतं 'एअर इंडिया इंटरनॅशनल', आणि त्यातलं इंटरनॅशनल 1962 ला गेलं. दोन्ही खुणा जुळल्या तेव्हा हात थरथरत होते माझे, खरं सांगते.

पण नवीन कॉपीतही चित्र तेच असतं ना, म्हणून मी भिंग नेतेच. स्कॅन करून छापलेल्या कॉपीत अक्षरंसुद्धा बारीक रंगीत ठिपक्यांची दिसतात आणि कडा फुटलेल्या असतात, इथे अक्षरं भरीव होती, कडा स्वच्छ.

आणि महाराजा! 1946 मध्ये एअर इंडियाचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी त्याला जन्माला घातला, तोही पोस्टरसाठी नाही, साध्या मेमो पॅडसाठी. इतक्या कमी रेषांत इतका आदब मी दुसऱ्या कुठल्याच एअरलाइनच्या चित्रात बघितला नाही.

एक दुःख मात्र आहे. माझं दुसरं पोस्टर, 707 वालं, मी फ्रेमिंगला टाकलं आणि फ्रेमवाल्याने न विचारता ते प्लायवर गोंदाने चिकटवून टाकलं, पहिल्याच पावसाळ्यात फुगे आले, नंतर बुरशी, आणि सोडवायला गेले तर निळं आकाश सोलून निघालं. दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हापासून स्वतः उभी राहून करून घेते, अ‍ॅसिड-फ्री माउंट म्हणजे आम्ल नसलेला पुठ्ठा, वरच्या कडेला फक्त जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, काच कागदाला टेकू द्यायची नाही. बाहेरच्या भिंतीवर तर लावायचंच नाही, ठाण्यातल्या जुलैत ती भिंत हाताला गार ओली लागते.

तेच 707 वालं परत शोधतेय. कुणाच्या माळ्यावर असेल तर घडी घालू नका, सैल गुंडाळून ठेवा आणि मला कळवा, मी त्याच दिवशी बघायला येईन.