पायाखालचं प्लांता

"मामा, 'प्लांता' म्हणजे तळपाय."

भाची स्पॅनिशची वही घेऊन उभी. मी सातपूरची शिफ्ट संपवून बूट काढत होतो. म्हटलं, अगं, रोप ना?

"रोपही. कारखानाही. मजलासुद्धा. 'प्लांता बाखा' म्हणजे तळमजला."

कारखान्याला आम्हीही प्लांटच म्हणतो, ते ठीक. पण रोप आणि तळपाय? लॅटिनमध्येच हे दोन्ही अर्थ आहेत. काडी खोचून माती पायाने दाबायची, त्यातून रोपाचा अर्थ आला असावा, असं काही अभ्यासक मानतात. पिंपळगावला द्राक्षाची रोपं लावताना आमचे काका अजूनही टाचेनेच माती दाबतात. त्यांना कुठलं लॅटिन!

मग भाची म्हणाली, "मराठीत पायपण रोवतात ना?"

हे मला इतक्या वर्षांत का सुचलं नाही?