थायलंडच्या वाटांवर, आईबरोबर

थाई भाषेत 'वाट' म्हणजे बुद्धविहार. हे कळल्यावर आईनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "मंग वाट चुकायचा प्रश्नच नाही." चौसष्ट वर्षांची आई आणि मी, अशा आम्ही दोघी नागपूरकर जानेवारीत नऊ दिवस फितसानुलोक, सुखोथाई आणि लाम्पांग फिरून आलो. बँकॉक-पट्टायाबद्दल मराठीत पोतंभर माहिती मिळते, या गावांबद्दल चिमूटभर. म्हणून हे लिहितेय.

आमची पहिली चूक बँकॉकमध्येच झाली. उत्तरेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या 2023 पासून क्रुंग थेप आफिवात या नव्या स्टेशनातून सुटतात. मी जुनी माहिती वाचून हुआ लाम्फोंग स्टेशनाजवळ खोली घेतली होती, त्यामुळे पहाटे टॅक्सीला पैसे घातले. आणखी एक काम निघण्याआधी उरका. 1 मे 2025 पासून थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे. जायचं तर नोव्हेंबर ते जानेवारी जा. पुढे उत्तरेत शेतं आणि जंगलं पेटवल्याचा धूर साचतो तो एप्रिलपर्यंत.

फितसानुलोक बँकॉकपासून रेल्वेनं सुमारे 390 किलोमीटर. नान नदीकाठचं हे गाव बहुतेक प्रवासी सुखोथाईची बस पकडण्यापुरतं पाहतात. आम्ही मुक्काम केला, आणि बरं केलं. वाट फ्रा सी रत्ताना महाथात हे लांबलचक नाव कुणी घेत नाही, 'वाट याय' म्हणा, म्हणजे मोठा वाट. आत फ्रा फुत्थ चिन्नरात ही बुद्धमूर्ती आहे, थायलंडमधल्या सर्वात पूज्य मूर्तींपैकी एक. काळोख्या भिंतीपुढे ती सोनेरी मूर्ती आणि तिच्याभोवतीची ज्वाळेसारखी महिरप पाहून आई बराच वेळ काहीच बोलली नाही. दारांवरचं शिंपल्याचं जडावकाम 1756 मधलं आहे. लोक मूर्तीकडे बघत आत शिरतात आणि दारं बघायची राहून जातात. तुम्ही बाहेर पडताना तरी थांबा.

'चिन्नरात' म्हणजे जिनराज, हे मला तिसऱ्या वेळी ऐकल्यावर कळलं. थाई उच्चारात आपल्या ज चा च होतो, ब चा फ, ग चा ख आणि द चा थ. एवढं ध्यानात ठेवलं की निम्म्या पाट्या आपल्याच वाटायला लागतात. मात्र अर्थ थोडे सरकलेले आहेत. त्यांचा 'विहान' म्हणजे आपला विहार, पण भिक्खू त्यात राहत नाहीत. ते बुद्धमूर्तीचं सभागृह असतं, राहायला वेगळ्या 'कुटी' असतात. 'उबोसोत' म्हणजे उपोसथागार, जिथं उपसंपदा, म्हणजे भिक्खूपदाची पूर्ण दीक्षा, दिली जाते. तो ओळखायचा तर भोवती आठ सीमादगड उभे आहेत का बघा. शब्दही सीमाच, ते 'सेमा' म्हणतात. 'चेदी' म्हणजे आपलं चैत्य, दिसायला टोकदार स्तूप.

वागण्याचे नियम घरच्यासारखेच आहेत. खांदे-गुडघे झाकलेले हवेत आणि चपला बाहेर. चुकतो आपण तीन ठिकाणी. उंबऱ्यावर पाय द्यायचा नसतो, तो ओलांडायचा. बसताना तळवे मूर्तीकडे होऊ द्यायचे नाहीत, पाय एका बाजूला दुमडून मागे घ्यायचे. आईचे गुडघे दुखतात, तिनं भिंतीकडेच्या खुर्चीवर बसून घेतलं, कुणी हरकत घेतली नाही. आणि बायकांनी भिक्खूला स्पर्श करायचा नाही, वस्तूसुद्धा थेट हातात द्यायची नाही. ते कापड पसरतात, त्यावर ठेवायची. दानपेटीसाठी वीस बातच्या नोटा सुट्या ठेवा. दानफलकांवरचं साल 543 नं जास्त असतं, बुद्धवर्ष आहे ते.

वाट यायच्या आवारात लोक गुडघ्यांवर बसून बांबूचा डबा खुळखुळवत होते. एक काडी बाहेर पडते, तिच्या नंबराची भविष्याची चिठ्ठी घ्यायची. पुढच्या एका वाटात तर चक्क गणपती, पुढ्यात लाल सरबताची बाटली. आई रोज सकाळी बुद्धवंदना म्हणते, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ आहेत, त्यांत गणपतीला देव न मानण्याचीही आहे. ती गणपतीकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे काय होय वं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दीक्षाभूमीवरचा बौद्ध धम्म डोक्यात घेऊन जाल तर असे धक्के बसणारच. आम्ही काड्या हलवल्या नाहीत, पण हलवणाऱ्यांकडे नाक मुरडून पाहिलंही नाही.

सुखोथाई जगप्रसिद्ध आहे, त्यामुळे थोडक्यात. फितसानुलोकहून बसनं तासाभराचा रस्ता. बस नव्या गावात सोडते, जुन्या राजधानीचे अवशेष 12 किलोमीटरवर जुन्या गावात आहेत. मुक्काम जुन्या गावातच करा. फिरायला भाड्याची सायकल उत्तम, पण दुपारी ऊन भाजून काढतं. वाट सी चुममधला पंधरा मीटर उंचीचा बुद्ध भिंतीच्या उभ्या फटीतून आधी अर्धाच दिसतो, तो क्षण सकाळी लवकर गाठा. आईला मात्र चालता बुद्ध आवडला, एक टाच उचललेला. या मुद्रेला तिथं 'लीला' म्हणतात.

जेवणाचं सांगते. आम्ही दोघी सगळं खातो, त्यामुळे अडलं नाही. फक्त आईला सावजीची सवय, तिला सगळं गोड लागलं. शाकाहारी मंडळींनी मात्र वाटाजवळ शाकाहार मिळेल हे गृहीत धरू नये. भिक्खू पात्रात येईल ते खातात, वाटाच्या दारातच कोंबडीच्या काड्या भाजत असतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'चे' लिहिलेलं दुकान शोधा. एरवी 'मांगसाविरात' म्हणा, मांसविरतीच ती. पण माशाचा खारट सॉस, 'नाम प्ला', न घालायला वेगळं सांगावं लागतं.

लाम्पांगपासून अठराएक किलोमीटरवर वाट फ्रा थात लाम्पांग लुआंग आहे. जायला सोंगथाव मिळते, म्हणजे आपली वडाप, मागे समोरासमोर दोन बाकं. परतीची गाडी दुपारनंतर मिळेलच असं नाही, जाताना त्याच चालकाशी येण्याजाण्याचा सौदा करा. नागांच्या जिन्यावरून वर गेलं की 1476 मधला लाकडी विहान लागतो, तिन्ही बाजूंनी उघडा, सागाचे खांब, वारा आरपार. मला संपूर्ण प्रवासात सर्वात आवडलेली जागा ही.

मागे एक छोटी इमारत आहे. तिच्या अंधारात भिंतीतल्या बारीक छिद्रातून बाहेरच्या चेदीचं उलटं, रंगीत प्रतिबिंब पांढऱ्या कापडावर पडतं. दाराशी पाटी: स्त्रियांना प्रवेश नाही. उत्तरेकडच्या काही उबोसोतांवरही ती असते. आईनं पाटी वाचून घेतली. "म्हणजे इथंही आहेच," एवढंच म्हणाली आणि पाठ फिरवून चालू लागली. तिथल्या एका सफाईवाल्या बाईंनी खुणेनं आम्हाला शेजारच्या विहानमध्ये नेलं, तिथंही चेदीची सावली पडते आणि बायकांना मज्जाव नाही. मी पाहिली. आईनं पाहिली नाही, ती खांबाला टेकून बसून राहिली.

त्याच संध्याकाळी लाम्पांग गावातल्या एका साध्या वाटात शिरलो. सहाच्या सुमाराला वंदना सुरू झाली. पाच भिक्खू, सहा-सात म्हाताऱ्या, एक कुत्रं. "नमो तस्स फखवतो..." आईनं माझा हात दाबला. "आपल्यासारखंच म्हणून राहिले ना हे!" आणि तिनं सूर धरला. ते "फुत्थं सरणं खच्छामि" म्हणत होते, ती "बुद्धं सरणं गच्छामि", अर्ध्या मात्रेनं पुढे. शेजारच्या म्हातारीनं सरकून तिला आपल्या चटईवर घेतलं आणि थाई लिपीतलं वंदनेचं पुस्तक हातात दिलं. आईनं ते उघडून मांडीवर ठेवलं आणि न बघता म्हणत राहिली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "उद्या पण सहालेच ना?" दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीची तिकिटं होती. स्टेशनच्या खिडकीवर जाऊन ती परवाची करून घेतली. तिकडे जाताना पासपोर्ट बरोबर ठेवा.