साडेपाच आणि सहा

गेल्या श्रावणातली गोष्ट. शनिवारची दुपार, बाहेर पावसाची रिपरिप. पन्नाशीचे एक गृहस्थ आईचा हात धरून सावकाश माझ्या दुकानाचा जिना चढून आले. बुधवार पेठेत तापकीर गल्लीजवळ पहिल्या मजल्यावर माझी जागा आहे. १९८५ साली मी टीव्हीच्या कामाला लागलो. आता टीव्ही दुरुस्तीला फारसं कुणी आणत नाही, म्हणून जुने होम कॉम्प्युटर, टेपरेकॉर्डर, व्हॉल्व्हचे रेडिओ असं जे येईल ते बघतो.

त्यांच्या पिशवीतून आधी निघाला डीबी स्पेक्ट्रम प्लस. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रम या होम कॉम्प्युटरचा परवाना घेऊन पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने काढलेला. अशी मशीन्स आजही वर्षाला एक-दोन येतात, त्यामुळे नवल वाटलं नाही. पण पाठोपाठ जुन्या टॉवेलात गुंडाळलेला एक काळा डबा बाहेर आला आणि मी खुर्चीतून उठलोच. कराह मायक्रोस्पीच! १९८३ साली इंग्लंडमध्ये निघालेला, स्पेक्ट्रमच्या पाठीमागे लावला की कॉम्प्युटर बोलायला लागतो तो डबा. इतक्या वर्षांत मी तो फक्त फोटोत बघितला होता.

“कॉम्प्युटर चालला तर चालला,” ते म्हणाले, “मला हा डबा बघून हवाय. हा माझ्या हातून बिघडला असं घरात सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही.”

हकीकत अशी. १९८९च्या मे महिन्यात त्यांचा मामा लेस्टरहून सुट्टीला आला. भाच्याकडे स्पेक्ट्रम आहे हे पत्रातून कळलेलं, म्हणून तिकडे एकाकडून हा डबा विकत घेऊन आला. घरात सगळी मंडळी टीव्हीसमोर बसली. चित्र आलं. डबा बोलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा काढला, बोलला नाही. मामा सांगत होता की मी तिकडे चालवून बघून मगच आणलाय. मग डबा बिघडवला कुणी? आदल्या रात्री पुठ्ठ्याचं खोकं उघडून बसलेला चौदा वर्षांचा भाचाच सापडला. वडिलांनी चारचौघांत दोन लगावल्या. नंतर एका दुकानात दाखवला, तिथे “आयसी उडालाय”, म्हणजे आतली चिप जळली, असं सांगून परत दिला. डबा माळ्यावर गेला तो मागच्या महिन्यात घर रिकामं करताना खाली आला.

त्यांच्या आई हे सगळं ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, “माझा भाऊ त्यानंतर कधी काही आणत नसे. आणलेलं चालत नाही तुमच्याकडे, म्हणायचा.”

पिशवीत त्यांनी अ‍ॅडाप्टरही आणला होता, नऊ व्होल्टचा, घरच्या वायफायच्या डब्याचा. तो मी आधी बाजूला काढला. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्टच लागतात, पण पिनेच्या मधल्या भोकात निगेटिव्ह असतो, आणि आजकालच्या बहुतेक अ‍ॅडाप्टरांत मधे पॉझिटिव्ह. तो लावला असता तर आत जे काही जिवंत होतं तेही गेलं असतं. जुन्या मशीनला घरातला दिसेल तो अ‍ॅडाप्टर कृपा करून लावू नका. पिनेचा आकार सारखा असला तरी पोलॅरिटी, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हची जागा, उलटी असू शकते.

कॉम्प्युटर उघडला. कीबोर्डच्या खालचं प्लास्टिकचं मेंब्रेन अपेक्षेप्रमाणे कडक होऊन तडकलं होतं. माझ्याकडे नवं होतं, ते घातलं. डीसी व्होल्टेज तपासली, जुने कॅपॅसिटर बदलले, चित्र थेट व्हिडिओच्या वायरीवर घेतलं आणि तासाभरात पडद्यावर खाली सिंक्लेअरची ओळ आली. मग मशीन बंद केलं, मागच्या एज कनेक्टरचे, म्हणजे डबा जिथे जोडायचा त्या पट्टीचे, संपर्क खोडरबराने आणि आयपीए या स्पिरिटसारख्या अल्कोहोलने चकचकीत केले आणि डबा लावला. चालू स्पेक्ट्रमला मागे काही लावायचं नाही. तेवढ्या एका घाईने पुष्कळ मशीन्स मेली आहेत.

चालू केलं. शांतता. गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले.

डबा जिवंत आहे का, हे कानाशिवाय ओळखायची एक खूण आहे. मायक्रोस्पीच आपल्या कामासाठी मेमरीच्या वरच्या टोकाला २५६ बाइट राखून ठेवतो. नुसत्या ४८के मेमरीच्या स्पेक्ट्रमला रॅमटॉप, म्हणजे वापरायच्या मेमरीचं वरचं टोक, विचारला की ६५३६७ उत्तर येतं. मेमरीतला आकडा वाचणारी प्रिंट पीकची ती नेहमीची ओळ मी टाइप केली. उत्तर आलं ६५१११. बरोबर २५६ कमी. म्हणजे डब्यातला रॉम, त्याचा कायमचा प्रोग्रॅम असलेली चिप, कॉम्प्युटरशी बोलत होता. आयसी उडालेल्या डब्याने हे केलं नसतं.

मग डब्याचे स्क्रू काढले. आत अठ्ठावीस पायांची बोलणारी चिप, एसपी०२५६-एएल२, जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीची. हिच्यात कुणाचाही आवाज साठवलेला नाही, हे तिचं मला सगळ्यात आवडतं. चौसष्ट कोड आहेत, त्यातले पाच नुसते थांबे: १०, ३०, ५०, १०० आणि २०० मिलिसेकंदांचे. उरलेले एकोणसाठ म्हणजे इंग्रजी उच्चारांचे तुकडे. घशातून निघणाऱ्या स्वरासाठी ठरावीक वेगाचे ठोके, ‘स’ आणि ‘श’साठी नुसता खरखराट, आणि या दोन्हींना तोंडाचा आकार देणारा एक डिजिटल फिल्टर. थांबेसुद्धा फुकट नाहीत. ‘क’, ‘ट’ किंवा ‘प’ म्हणण्याआधी आपण ओठ नाही तर जीभ बंद करून क्षणभर हवा अडवतो. चिपलाही तसंच आधी थांबायला सांगावं लागतं, नाहीतर अक्षर ऐकूच येत नाही. मी स्वतः ‘पप्पा’ असं म्हणून बघितल्याशिवाय मला हे पटलं नव्हतं.

स्कोपची, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची, टोकणी चिपच्या चोविसाव्या पायावर ठेवली. आवाज तिथून बाहेर पडतो, कमी-जास्त रुंदीच्या पल्सच्या रूपात. गृहस्थांना म्हटलं, दाबा एखादी कळ. त्यांनी दाबली. पडद्यावर पल्सची दाट झुंबड उठली आणि अर्ध्या सेकंदात विरली. दुसरी कळ, पुन्हा झुंबड, पण वेगळ्या घडणीची. मायक्रोस्पीच सुरुवातीला दाबलेली प्रत्येक कळ बोलून दाखवतो, हे मला वाचून माहीत होतं. तो बोलत होता. आपल्याला ऐकू येत नव्हतं एवढंच.

आणि तेव्हा मला ‘लंडन सेट’ आठवला.

ऐंशीच्या दशकात इंग्लंडहून कायमचे परतणारे लोक सोबत तिकडचा टीव्ही आणत. दुकानात तो आला की तक्रार ठरलेली: चित्र झकास, आवाज नाही. दोन्हीकडे रंगीत टीव्हीची पाल पद्धतच, पण तिकडे चित्राच्या लहरीपासून आवाजाची लहर ६ मेगाहर्ट्झ दूर, आणि आपल्याकडे ५.५. अर्ध्या मेगाहर्ट्झचा फरक. आम्ही आवाजाची लहर निवडणारा सहाचा सिरॅमिक फिल्टर काढून साडेपाचचा टाकायचो, कॉइल जरा फिरवायचो आणि सेट बोलायला लागायचा. उस्तादांनी मला हाताला धरून शिकवलेलं पहिलं काम तेच.

इथे तेच उलटं घडलं होतं. स्पेक्ट्रमचा स्वतःचा बीप पोटातल्या छोट्या स्पीकरमधून येतो. मायक्रोस्पीचला स्पीकर नाही. तो आपला आवाज टीव्हीच्या वायरीत मिसळतो आणि टीव्हीच्या स्पीकरमधून बोलतो. हा डबा लेस्टरमध्ये तिथल्या टीव्हीसाठी, सहावर लावलेला. पुण्यातल्या घरचा टीव्ही साडेपाचवर कान लावून बसलेला. त्या मे महिन्यात सगळं घर पडद्याकडे बघत होतं तेव्हाही डबा नीट, स्पष्ट बोलत होता. कुणी काही बिघडवलं नव्हतं. डब्यात दोष नव्हता, टीव्हीत नव्हता, पोरात तर नव्हताच.

हे मी त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून रुमालाने पुसत बसले.

मला अजून उत्तर अर्धंच वाटत होतं. ऐकल्याशिवाय काय खरं? चोविसाव्या पायापासून दोन रेझिस्टन्स, दोन कॅपॅसिटरचा साधा फिल्टर टाकून पल्सची किरकिर गाळली, पुढे एक कॅपॅसिटर, आणि वायर माझ्या टेबलावरच्या टेस्टिंग अ‍ॅम्प्लिफायरला. टाका मारताना हात थरथरत होता हे लिहायला मला संकोच नाही. मायक्रोस्पीचला बोलायला लावायचं म्हणजे बेसिक भाषेतल्या एस डॉलर (s$) या नावात शब्द ठेवायचा, बस. इंग्रजी स्पेलिंग नाही, उच्चाराप्रमाणे लिहायचं, जोड-आवाज कंसात. मी ‘हेलो’ लिहून एंटर दाबलं.

पंख्याच्या घरघरीवरून एक जाड, नाकातला, एकसुरी आवाज आला. हे-लो.

त्यांच्या आई दचकल्या. “कोण बोललं?”

“तोच, आई,” ते म्हणाले. “मामाचा डबा.”

पुढचा तासभर मी दुसरं काम घेतलंच नाही. त्यांना ‘मामा’ म्हणवून घ्यायचं होतं. एम, ए, एम, ए असं लिहिलं तर ‘मॅमॅ’ आलं, कारण ‘ए’ला तो इंग्रजी ‘कॅट’मधला स्वर देतो. ‘ओ’ घालून बघितला, ‘हॉट’मधला. आता ‘मामा’ आणि ‘मॉमॉ’ यांच्या मधलं काहीतरी आलं, आणि स्वर लांबवल्यावर चक्क मामा. मोठ्या लिपीतलं अक्षर घातलं की सूर थोडा चढतो, म्हणून दुसरा ‘मा’ कॅपिटलमध्ये. आता ती हाक झाली.

त्यांनी लेस्टरला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. मामांचं वय अठ्ठ्याहत्तर, कानात मशीन. काय चाललंय ते समजेना त्यांना. मी फोन स्पीकरजवळ धरला आणि गृहस्थांनी एंटर दाबलं.

“मा-मा.”

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग मामा म्हणाले, “अरे, मी सांगत होतो ना तुम्हाला. चालवून बघितला होता मी. शेजारच्या पोराच्या घरी, दोनदा.”

“हो मामा,” भाचा म्हणाला. “चालतच होता.” आणि साडेपाच नि सहाचा सगळा प्रकार त्यांनी मामांना समजावला, मी सांगितला होता त्याहून सोप्या भाषेत. मामा मन लावून ऐकत होते. मधेच म्हणाले, “म्हणजे भाऊजींनी तुला उगाच मारलं रे.” यावर कुणी काही बोललं नाही. भाऊजी जाऊन नऊ वर्षं झाली.

मग मामांनीच सांगितलं, “त्याला ताई म्हणायला लाव.”

इथे माझी कसोटी लागली. एकोणसाठ तुकड्यांत आपला ‘त’ नाहीच. ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. ‘टी’ घातला की ‘टाई’ येतं, शर्टावर बांधायची. ‘टीएच’ घातला तर जीभ दातांबाहेर येऊन फुसफुसतं, ‘थाई’सारखं. इंग्रजी ‘दे’मधला (they) मऊ तुकडा लावला तर ‘दाई’. प्रत्येक वेळी आई मान हलवायच्या आणि पलीकडून मामा हसायचे. शेवटी ‘टी’च्या मागे लगेच ‘टीएच’ चिकटवला. ‘टी’ने हवा अडवली, ‘टीएच’ने जीभ दातांवर आणली. ‘त’ म्हणता येणार नाही, पण त्याच्या अंगणात आलो होतो.

“परत लाव,” त्या म्हणाल्या.

“काकू, तुम्हीच दाबा. ही कळ.”

त्यांनी तर्जनीने सावकाश एंटर दाबलं. स्पीकर बोलला. त्या फोनकडे वळून म्हणाल्या, “हाक मारतोय बघ मला,” आणि पुन्हा कळ दाबायला बोट पुढे केलं. एस डॉलरमध्ये शब्द परत लिहावा लागतो हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून मी पटकन लिहिला.

अंधार पडल्यावर ते गेले. जाताना डब्याच्या तळाला मी एक चिठ्ठी चिकटवली: ‘टीव्हीला लावू नये. आवाजाची वायर वेगळी काढली आहे. अ‍ॅडाप्टर ९ व्होल्ट, मधे निगेटिव्ह.’ गृहस्थांनी ती वाचली आणि पेन मागून घेतलं. खाली त्यांनी मामांचं नाव आणि ‘मे १९८९, चालू स्थितीत’ असं लिहिलं.