बकुळची खाज आणि भिंतीवरची दिनदर्शिका

आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेत दुधाच्या रतिबाच्या नोंदीशेजारी रोज आणखी एक आकडा लिहिला जातो, शून्य ते दहा यांमधला. शून्य म्हणजे निरोगी कुत्रा दिवसभरात सहज जेवढे खाजवतो तेवढेच, आणि दहा म्हणजे खाणे, झोपणे, खेळणे सोडून अखंड खाजवणे. हा आकडा आमच्या बकुळचा. सुकत आलेल्या बकुळफुलाच्या रंगाची ही लॅब्रॅडॉर कुत्री २०२१ च्या दिवाळीत, दोन महिन्यांची असताना, गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी आली आणि पुढच्या आषाढात तिने पुढचे पंजे चाटायला सुरुवात केली.

पहिले काही दिवस आम्ही ती तिची सवय समजलो. पाऊस धरलेला, बाहेर फिरणे बंद, तेव्हा कंटाळून चाटत असेल असे वाटले. भाद्रपद उजाडेपर्यंत मात्र पंजांवरचे फिकट केस लाळेने गंजाच्या रंगाचे झाले, काखेत आणि जांघेत लाली आली, कानांना आंबूस वास येऊ लागला आणि रात्री पडवीत तिच्या मागच्या पायाचे जमिनीवर आपटणे माजघरापर्यंत ऐकू येऊ लागले. सासूबाई म्हणाल्या, "अगो, कुत्रीला लूत लागल्ये. तिला आत घेऊ नकोस हो."

आपल्याकडे खाजवणाऱ्या, केस गेलेल्या प्रत्येक कुत्र्याला लूत लागली असेच म्हणतात, आणि त्यावर गाडीचे जळके ऑईल, रॉकेल नाहीतर फिनेल लावतात. हे कृपा करून कोणीही करू नये. कुत्रा अंग चाटतो, त्यामुळे लावलेले सारे त्याच्या पोटात जाते, आणि आधीच सोललेली कातडी वर भाजून निघते. खरी लूत अतिसूक्ष्म किडींमुळे होते, एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागते आणि कुत्र्याला जवळ घेणाऱ्या माणसांच्या अंगावरही खाजरे पुरळ उठवते. आमच्या घरात कोणाला काही झाले नव्हते, शेजारचा काळू बकुळच्या अंगावर लोळूनही ठणठणीत होता, आणि पुढे कातडी खरवडून तपासली तेव्हा त्यात कीड सापडली नाही. बकुळला लूत नव्हती. तिला ॲलर्जी होती, आणि हे कळायला आम्हांला सव्वा वर्ष लागले.

त्या सव्वा वर्षातला बराचसा काळ इंजेक्शनांत गेला. आम्ही तिला ज्यांच्याकडे नेत होतो ते डॉक्टर दर वेळी दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडचे इंजेक्शन देत. दुसऱ्या दिवशी खाज थांबे, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकत असू, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दरम्यान तिची तहान आणि भूक वाढली, ती रात्रीतून दोनदा लघवीसाठी दार खरवडू लागली, अंगाने सुटली. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. भडका उडाला असता थोडे दिवस, मोजक्या मात्रेत दिलेल्या गोळ्या फार उपयोगी पडतात, आणि खाज वाढली तर त्या कमी-जास्त करता येतात. इंजेक्शन एकदा टोचले की परत काढून घेता येत नाही. मुख्य म्हणजे खाज कशामुळे आहे हा प्रश्न त्या सगळ्या काळात कोणी विचारला नाही आणि आम्हांलाही तो विचारावा असे सुचले नाही, याची मला आजही खंत वाटते.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही तिला पुण्याला, त्वचाविकारांचेच काम करणाऱ्या पशुवैद्य बाईंकडे नेले. त्यांनी औषध लिहिण्याआधी पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. खाज आधी की पुरळ आधी? कोणत्या महिन्यात वाढते? अंगावर नेमकी कुठे? मग त्यांनी पंज्याच्या बोटांमध्ये साधी पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचलली, ती जांभळ्या रंगात बुडवली आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला बोलावले. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगा विखरून पडाव्यात तशा आकाराच्या पेशी सगळीकडे दिसत होत्या. ती मॅलासेझिया नावाची बुरशी. ती निरोगी कुत्र्याच्या कातडीवरही थोडीफार असते, पण ॲलर्जीने कातडीचे संरक्षण ढिले पडले आणि ओल मिळाली की बेसुमार वाढते आणि स्वतःच खाज उत्पन्न करते. तो आंबूस वास तिचाच होता. म्हणजे आमच्या कुत्रीला एकावर एक अशा दोन खाजा होत्या, आणि वरची उतरवल्याशिवाय खालची किती हे कळणार नव्हते.

त्यांनी सांगितलेला क्रम मी मुद्दाम लिहिते, कारण ॲटोपी, म्हणजे हवेतल्या आणि घरातल्या कणांची ॲलर्जी, सिद्ध करणारी एकच एक चाचणी नाही. रक्ताची महागडी तपासणी ही ॲलर्जीवरची लस बनवायची असेल तर घटक निवडायला उपयोगी, पण निदान तिच्यावरून होत नाही, आणि अन्नाच्या ॲलर्जीसाठी तर तिच्यावर विसंबताच येत नाही. निदान होते ते एकेक कारण वगळत. प्रथम बुरशी आणि जंतूंचा बंदोबस्त. मग पिसवा: बहुतेकदा कंबर आणि शेपटीचे बूड खाजवणाऱ्या कुत्र्याच्या मागे त्याच असतात, आणि ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावेही पुरतात. बकुळला आम्ही पिसवा आणि गोचिड्या मारणारी, बारा आठवडे टिकणारी फ्लुरालेनरची गोळी दिली. पिसवा-गोचिड्या गेल्या, खाज राहिली. मग आले अन्न.

अन्नाच्या परीक्षेत कुत्र्याने पूर्वी कधीच न खाल्लेले एकच प्रथिन आणि एकच पिष्टमय पदार्थ आठ आठवडे द्यायचा, दुसरे काहीही नाही. कुत्र्यांना बाधणाऱ्या अन्नात गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू यांची नावे पुढे असतात, तांदूळ बराच मागे. बकुळ दूधभातावर वाढलेली. शिवाय कोळीवाड्यातून येणारी मावशी तिच्यासाठी बांगड्याची डोकी आवर्जून आणत असे, अंडी आणि कोंबडीही तिने खाल्लेली, त्यामुळे हे सगळे बाद झाले. उरले बोकडाचे मटण, जे आमच्या घरात कधी शिजलेच नव्हते, आणि रताळी. मार्गशीर्षात सुरुवात केली. मीठमसाल्याशिवाय उकडलेले मटण आणि कुस्करलेली रताळी मी रोज मोजून घालत असे.

पाचव्या आठवड्यात घरी सत्यनारायण होता. एका पाहुण्यांच्या मुलाने प्रेमाने तिच्या तोंडात पेढा घातला आणि वर केळ्याचा प्रसादही भरवला. मी त्या मुलाला काही बोलले नाही, पण मागीलदारी जाऊन रडले. पुण्याला फोन केला तेव्हा मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायला सांगितले. त्यानंतर मी बकुळच्या पट्ट्याला कापडाची चिठ्ठी शिवली: "मला काही खायला देऊ नका, मी आजारी आहे." चव घातलेल्या जंतांवरच्या गोळ्यासुद्धा या काळात चालत नाहीत, हे मला तेव्हा कळले.

आठ आठवडे पूर्ण झाले आणि आकडा सहावरून पाचावर आला, तोही बहुधा थंडीमुळे. जुने अन्न एकेक करून परत दिले, प्रत्येकासाठी दोन आठवडे थांबलो. आकडा हलला नाही. अन्न निर्दोष ठरले. तीन महिन्यांचे कष्ट वाया गेले असे घरातल्या काहींना वाटले. मला नाही वाटले, कारण त्या दिवसापासून बकुळ पुन्हा दूधभात खाते आणि तो खाताना माझ्या मनात संशय नसतो.

आकडे लिहिण्याची सवय याच परीक्षेत लागली आणि परीक्षा संपल्यानंतरच्या वर्षभराची पाने समोर ठेवल्यावर जे दिसले ते नुसत्या आठवणीने कधीच दिसले नसते. पौष-माघात दोन-तीन, ज्येष्ठात मृगाच्या सरींनंतर चार, आषाढ-श्रावणात सहा-सात, मग गणपतीनंतर जरा उतार, आणि आश्विनात, पाऊस ओसरून सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या पठारावरचे, गवत फुलोऱ्यावर आले की पुन्हा एकदा सात. म्हणजे दोन शिखरे होती. पहिले ओलीचे: धुळीतले किडे आणि बुरशी दमट हवेत फोफावतात, आणि आपल्या किनाऱ्यावर चार महिने भिंतींनासुद्धा हिरवट मखमल येते. दुसरे बहुधा गवताच्या परागांचे. ही पाने पाहिल्यावर आम्ही बारा महिने सारखेच उपचार करणे सोडले आणि दोन्ही शिखरांच्या पंधरा दिवस आधी तयारीला लागू लागलो.

तयारी म्हणजे काय, तर सगळ्यांत आधी तिचे अंथरूण. ती गोणपाटावर झोपत असे. गोणपाट ओल धरते, धूळ धरते आणि कधी नीट धुतले जात नाही. आता सुती खोळी आहेत, आठवड्याला साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुतल्या जातात आणि पावसात चुलीवरच्या दोरीवर वाळतात. कोरडे खाद्य मोठ्या पोत्यात आणणे बंद केले, कारण दमट हवेत त्यातही किडे होतात. लहान पिशवी आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.

पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा आणि एरवी एकदा क्लोरहेक्सिडीन असलेल्या औषधी शँपूने आंघोळ. माणसांचा साबण किंवा शँपू नव्हे, कुत्र्यांच्या कातडीला तो मानवत नाही. फेस अंगावर दहा मिनिटे राहिला पाहिजे, नाहीतर औषधाचा उपयोग नाही. दहा मिनिटे फार मोठी असतात. मी घड्याळ लावते आणि तिच्याशी बोलत बसते. मग कोमट पाणी, पंचा, आणि शेवटी गार हवेवर ठेवलेला ड्रायर, कारण ओली कातडी म्हणजे बुरशीला आमंत्रण. फिरून आल्यावर चारही पंजे साध्या पाण्याने धुऊन बोटांमधली जागा कोरडी करायची. समुद्राच्या पाण्याने खाज बरी होते असे मला अनेकांनी सांगितले आहे. बकुळच्या सोललेल्या कातडीला खाऱ्या पाण्याने चटकाच बसतो, म्हणून वेळणेश्वरच्या पुळणीवर ती मनसोक्त खेळते, पण घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याची बादली तयार असते.

एवढे करूनही शिखराच्या दिवसांत औषध लागतेच. आमच्याकडे ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या चालतात. खाजेचा निरोप पोचवणारी शरीरातली साखळी त्या मध्येच तोडतात, आणि पहिल्याच दिवसापासून फरक दिसतो. सुरुवातीचे जास्तीत जास्त चौदा दिवस दोन वेळा, मग एक वेळ. एक वर्षाखालच्या पिल्लाला त्या देत नाहीत, आणि मधूनमधून रक्त तपासून घ्यावे लागते. माणसांच्या ॲलर्जीच्या गोळ्यांचा कुत्र्यांच्या खाजेवर फारसा उपयोग होत नाही, तो प्रयोग आमचाही करून झाला आहे. लस हा आणखी एक मार्ग आहे. शरीराला त्या घटकांची हळूहळू सवय करून देणारा तो उपचार आहे, पण त्याचा गुण आला की नाही हे ठरवायला साधारण वर्ष द्यावे लागते. पुण्याचे अंतर पाहता आम्ही तो तूर्त पुढे ढकलला आहे.

हा आजार बरा होत नाही, हे डॉक्टर बाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले होते. ते ऐकून मी खचले होते. पण बरे करण्याचा नाद सोडल्यावरच आम्ही आकडा खाली ठेवण्याच्या कामाला लागलो, आणि सासूबाई, ज्या तिला आत घेऊ नको म्हणाल्या होत्या, त्याच आता संध्याकाळी चष्मा लावून दिनदर्शिकेसमोर उभ्या राहतात आणि विचारतात, "आज किती लिहू गो?"

काल श्रावणातल्या झडीत त्यांनी तीन लिहिले. आज पहाटे बकुळ उजवा पंजा चाटताना दिसली. तिला मांडीवर घेऊन विजेरीच्या उजेडात बोटे फाकवून पाहिली, तर मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात पुसट लाली आहे, वास अजून नाही. आंघोळ उद्या होती, ती आजच घालते आहे. पाणी तापत ठेवले आहे.