आत्यासोबत देवगिरी

आत्या माळकरी. नाथषष्ठीला पैठण चुकवत नाही. पण नाथांचे गुरू जनार्दनस्वामी जिथे किल्लेदार होते, तो देवगिरी तिनं पाहिला नव्हता. गुडघे दुखतात, तरी म्हणाली, "मला वर नेऊन आण." म्हणून हिवाळ्यात जालन्याहून पहाटेच निघालो. संभाजीनगरपासून वेरूळच्या रस्त्यानं किल्ला पंधराएक किलोमीटर.

तिकीट काढलं की बहुतेक लोक तडक वरची वाट धरतात. मला ते पटत नाही. यादवांच्या राजधानीच्या खुणा जास्त करून पायथ्यालाच आहेत. हत्ती हौदाचा विस्तार बघूनच इथे केवढी वस्ती असेल ते कळतं. जवळच भारतमाता मंदिर. 1318 मध्ये कुतुबुद्दीन मुबारक खिलजीनं जुन्या देवळांचे खांब वापरून इथे मशीद उभारली. हैदराबाद मुक्तीनंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसवली. आत्या एकेका खांबाशी थांबत होती. "हे तर आपल्या औंढ्यासारखं कोरलंय रे," म्हणाली. सगळ्यात जास्त वेळ आमचा इथेच गेला, आणि तो जायलाच हवा.

चांद मिनार बाहेरूनच पाहिला. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन 1687 पासून कैदेत होता. मेंढा तोफेच्या मागच्या टोकाला खरंच मेंढ्याचं तोंड आहे.

खडक तासून केलेल्या खंदकावरचा पूल ओलांडला की अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट. बॅटरी न्याच. पायऱ्या उंच-सखल, वळणं फसवी, डोक्यावर वटवाघळं. शत्रू आत शिरला की धूर कोंडून त्याला गुदमरवायची सोय होती. मी पुढे, आत्याचा हात माझ्या खांद्यावर, मुखी विठ्ठल.

पुढच्या पायऱ्यांनी दम काढला. गणपतीपाशी बसलो, बारादरीत पुन्हा बसलो. मग जनार्दनस्वामींचं स्थान. हिशेबातली एका पैची चूक शोधत नाथ रात्रभर जागले, ती गोष्ट आत्यानं तिथेच सांगितली आणि एक अभंग म्हटला. 'एका जनार्दनी' ही ओळ आली तसा तिचा आवाज भरून आला.

उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो. काठी बरोबर घ्या. घृष्णेश्वर त्याच दिवशी उरकायचा बेत आम्ही सोडून दिला. वयस्कर माणूस सोबत असेल तर वेरूळला दुसरा दिवस ठेवा.