बनावट घड्याळ पेढीवर आले तेव्हा : संशयापासून गुन्हा नोंदवण्यापर्यंतचा माझा अनुभव

पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या परिसरात आमची सराफी पेढी आहे. सोन्याचांदीबरोबर आम्ही गेल्या काही वर्षांपासून वापरलेली उंची स्विस घड्याळेही विकत घेतो. खोटे सोने घेऊन आलेला माणूस सराफाला बहुधा फसवू शकत नाही, कारण कसोटी आणि तेजाबाचे ज्ञान आमच्याकडे पिढ्यानपिढ्या आलेले आहे. घड्याळाच्या बाबतीत तशी परंपरा नाही, आणि फसवणाऱ्यांना हे पुरते ठाऊक असते. म्हणूनच आमच्या पेढीवर घडलेला प्रकार व्यवसायबंधूंसाठी सविस्तर लिहीत आहे.

शनिवारी संध्याकाळी, दुकानात गर्दी असताना, पन्नाशीचे एक गृहस्थ रोलेक्स सबमरीनर घेऊन आले. डबी होती, हिरवे वॉरंटी कार्ड होते, कार्डावरचा अनुक्रमांक आणि काचेखालच्या आतल्या कड्यावर कोरलेला अनुक्रमांकही जुळत होता. “शेठ, भाच्याने दुबईहून आणलंय. मुलीची फी भरायचीय, आजच रोख मिळाली तर बरं होईल,” असे ते म्हणाले. त्यांनी आठ लाख मागितले आणि मी काहीही न बोलता केवळ भिंग डोळ्याला लावताच ते साडेसहावर आले. अस्सल घड्याळाचा मालक आपली किंमत इतक्या सहज सोडत नाही. मी त्यांना चहा मागवला आणि सांगितले, “साहेब, तपासणीशिवाय आम्ही भाव सांगत नाही आणि पैसे विकणाऱ्याच्या स्वतःच्या बँक खात्यातच जमा करतो.”

बाहेरून ते घड्याळ उत्तम उतरले होते. तारखेवरचे भिंग आकडा अडीच पट मोठा दाखवत होते, तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ आणि ‘मेड’ या दोन शब्दांमध्ये असायला हवा तो इवलासा मुकुटही होता. सेकंदकाटा थबकत न जाता सरकत चालला म्हणजे घड्याळ अस्सल, हा समज तर आता पूर्ण सोडून द्यायला हवा. अस्सल यंत्र तासाला 28,800 ठोके, म्हणजे सेकंदाला आठ ठोके देते. पण बाजारातली अनेक नक्कल यंत्रेही तेवढेच ठोके देतात.

खरा निवाडा मागचे झाकण उघडल्यावरच होतो, आणि ते उघडण्यासाठी आम्ही विकणाऱ्याची लेखी संमती घेतो. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. संमतिपत्रावर नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक आणि ‘हे घड्याळ अस्सल असून माझ्या मालकीचे आहे’ असे विधान असते. पाणी आत जाईल म्हणून ते गृहस्थ आधी नाही म्हणाले. झाकण बसवून दाबाची चाचणी पुन्हा करून देतो, असे मी सांगितल्यावर त्यांनी सही केली.

आमच्या घड्याळजी काकांनी कॅमेऱ्यासमोर झाकण फिरवून काढले. 2020 पासूनच्या या घड्याळात 3235 क्रमांकाचे यंत्र असते. त्यात तोलचक्रावरची, म्हणजे ठोक्यांचा ठेका धरणाऱ्या चाकावरची, पट्टी पुलासारखी दोन्ही बाजूंनी स्क्रूने धरलेली असते, आणि वेळेची जुळणी चक्राच्या कडेवरच्या सूक्ष्म नटांनी होते, म्हणून वेग कमीजास्त करणारी दांडी तिथे नसतेच. आमच्यासमोर मात्र एकाच बाजूने धरलेली आखूड पट्टी होती आणि तिच्यावर अधिक-उण्याच्या खुणांसह ती दांडी स्पष्ट दिसत होती. काकांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. घड्याळाला आपोआप चावी देणाऱ्या, वर बसवलेल्या फिरत्या वजनावर रोलेक्सचे नाव मात्र सुबक कोरले होते.

अशा वेळी आरडाओरडा करू नये आणि वस्तू परतही देऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. परत दिलेले घड्याळ तासाभरात दुसऱ्या पेढीवर जाते आणि तिथे कदाचित एखादा नवखा मुलगा गल्ल्यावर बसलेला असतो. मी भावाची बोलणी लांबवली. आतल्या खोलीतून माझ्या भावाने 112 वर फोन केला. पोलीस येईपर्यंत आम्ही कोणाला हातही लावला नाही.

पुढचा भाग दगदगीचा आहे, पण तो पूर्ण करावाच. जप्तीचा पंचनामा पंचांसमक्ष झाला आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यानुसार, त्याचे चित्रीकरणही झाले. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 आणि प्रयत्नासाठीच्या कलम 62 खाली फसवणुकीच्या प्रयत्नाची फिर्याद नोंदवली गेली. तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. ट्रेडमार्क कायद्याखालच्या जप्तीला उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी ट्रेडमार्क निबंधकांचे मत घ्यावे लागते, त्यामुळे ती कलमे तूर्त बाजूला राहिली. सीसीटीव्हीचे चित्रण नुसते पेनड्राइव्हवर देऊन भागत नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम 63 खालचे प्रमाणपत्र त्यासोबत जोडावे लागते. त्याचा एक भाग आपण आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, शिवाय फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे फाईलमध्ये बदल झालेला नाही हे पडताळता येणारा संगणकीय संकेतांक, नोंदवायचे असते. हे काम आम्ही चित्रण पुसले जाण्याआधी उरकले.

त्यानंतर तपास अधिकाऱ्यांच्या परवानगीने घड्याळाचा अनुक्रमांक आम्ही ओळखीच्या सराफांना कळवला. बनावट घड्याळांच्या एका खेपेवर बहुधा एकच क्रमांक कोरलेला असतो. नाशिकच्या एका व्यापाऱ्याने तिजोरीतले घड्याळ काढून पाहिले, तर त्यावर तोच क्रमांक होता आणि त्याच्या खरेदी पावतीवर नाव वेगळेच, पण छायाचित्र त्याच गृहस्थांचे होते. त्याने आपली फिर्याद त्याच्या हद्दीतील पोलीस ठाण्यात दिली आणि दोन्ही ठिकाणचे तपास अधिकारी आता एकमेकांच्या संपर्कात आहेत.